एकर विकू नकोस, आधी कुट्टक शिक

गंगाखेड तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २४. तीन वर्षांपूर्वी परभणीतून गणित घेऊन बी.एस्सी. झाला, ६४ टक्के. तेव्हापासून गावाजवळच्या सेवा केंद्रावर बसतो. सातबारा काढून देणं, पीक विम्याचे अर्ज, ई-केवायसी, अंगठा लावून पैसे काढून देणं, अशी कामं. नाव छापू नका म्हणालाय. पत्रातला मुख्य भाग असा:

“मॅडम, मला क्रिप्टोग्राफी आणि डेटा सिक्युरिटीमध्ये पुढचं शिक्षण घ्यायचंय. आमच्या केंद्रावर दिवसभर लोकांची आधार कार्डं येतात. झेरॉक्स टेबलावर पडून राहते, ओटीपी लोक मोठ्यानं सांगतात. मागच्या दिवाळीत एका आजीच्या खात्यातून साडेसात हजार गेले. तिनं अंगठा कुठंच दिला नव्हता. माझ्यासमोर बसून रडली अन् मला तिला काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. मित्र म्हणायलेत, तू इंजिनिअर नाहीस, तुला कोण घेणार? पुण्याच्या एका क्लासनं एथिकल हॅकिंगचा सहा महिन्यांचा कोर्स सांगितला. फी २ लाख ४० हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. आमचे अण्णा एक एकर कोरडवाहू विकायला तयार झालेत. इंग्रजी कच्चं आहे. उशीर झालाय का? काय करू?”

लेकरा, एकर विकू नकोस. हे आधी सांगते, कारण जमिनीचा व्यवहार एकदा इसारापर्यंत गेला की मागं फिरत नाही. बाकीचं नंतर वाच, आधी अण्णांना फोन कर.

मी वीस वर्षं एका बँकेच्या माहिती-सुरक्षा विभागात काढली आणि तिथं शेकड्यानं मुलाखती घेतल्या. असे कोर्स करून आलेली मुलं समोर बसायची. कोणत्या टूलचं कोणतं बटण दाबायचं हे त्यांना पाठ असायचं. ‘हे बटण दाबल्यावर आत काय होतं?’ असं विचारलं की गप्प. त्यांच्या हुशारीत काही कमी नव्हती, त्यांना ते कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आपल्याकडच्या कितीतरी आई-बापांनी त्यासाठी सोनं मोडलं होतं. शंभर टक्के हमीवाल्यांना एकच विचार: मागच्या बॅचच्या किती जणांना, कोणत्या कंपनीत, किती पगारावर नोकरी लागली, हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्याल का? उत्तर काय येतं ते बघ.

आता मित्रांचं म्हणणं. इंजिनिअर नाहीस म्हणून तुला कुणी घेणार नाही, हे क्रिप्टोग्राफीच्या बाबतीत साफ चूक आहे. हा विषय, म्हणजे माहितीला कुलूप घालण्याची विद्या, मुळात गणिताचा आहे. तू बी.एस्सी.ला जे शिकलास, म्हणजे भाज्य-विभाज्य, बाकी, मूळ संख्या, गट, मॅट्रिक्स, त्याच्यावरच तो उभा आहे.

एक उदाहरण करून दाखवते. वही घे. दोन मूळ संख्या घेऊ, ५ आणि ११. त्यांचा गुणाकार ५५. दोन्हींतून एक-एक वजा करून गुणाकार केला, ४ गुणिले १०, आले ४०. आता ३ ही आपली उघडी किल्ली. ५५ आणि ३ या दोन संख्या गावच्या फळ्यावर लिहिल्या तरी चालतील. समज, तुला ८ हा आकडा गुपचूप पाठवायचाय. ८ चा घन ५१२. त्याला ५५ नं भागून बाकी राहिली १७. तू १७ पाठव. वाटेत कुणी १७ वाचला तरी बिघडत नाही. माझ्याकडं दुसरी, झाकलेली किल्ली आहे: २७. मी १७ चा २७ वा घात करून ५५ नं भागते, बाकी राहते ८. मला तुझा आकडा मिळाला.

ही २७ कुठून आली? ३ ला अशा संख्येनं गुणायचं की ४० नं भागल्यावर बाकी १ राहील. ३ गुणिले २७ म्हणजे ८१, ४० नं भागलं की बाकी १. अशी संख्या शोधण्याची रीत आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये दिली, तिला आपल्याकडं कुट्टक म्हणतात. नंतर भास्कराचार्यांनी ती आणखी फोडून समजावली. ग्रहांची गणितं सोडवायला केलेली रीत आज आपल्या कुलपांच्या पोटात बसलीय. आरएसए म्हणतात ती पद्धत हीच. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती १९७७ मध्ये काढली. इंग्लंडच्या गुप्त खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स या गणितज्ञानं चार वर्षं आधीच तशीच पद्धत शोधली होती, पण ती १९९७ पर्यंत जगाला कळू दिली गेली नाही.

५५ चे अवयव कुणीही पाडेल. खऱ्या कुलपात ही संख्या ६१७ अंकी असते. गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून मूळच्या दोन संख्या शोधणं भयंकर अवघड, या एका गोष्टीवर सगळी मदार आहे. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, त्याला एका प्रोसेसरनं सुमारे २७०० वर्षं खपावं इतकं काम लागलं. ६१७ अंक अजून फार लांब आहेत.

आणि मूळ संख्या ओळखायची कशी? एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीनं आणि झटपट सांगणारी रीत जगाला हवी होती. ती २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आयआयटीतून आली. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. यातल्या कयाल आणि सक्सेनांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केलं होतं. दोघं तुझ्यापेक्षाही लहान होते. उशीर झालाय का विचारतोस म्हणून सांगितलं असं नाही. इथलं काम कागद-पेन घेऊन बसणाऱ्या माणसाला खुलं आहे, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगितलं. २४ म्हणजे उशीर मुळीच नाही.

एक गोष्ट आपल्या मातीतलीच. चक्रधरस्वामींचा वावर पैठणला होता, हे तुला ठाऊक असेल. पुढं महानुभाव पंथातल्या लोकांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षराऐवजी दुसरं अक्षर किंवा वेगळं चिन्ह. शतकानुशतकं ते मराठी साहित्य बाहेरच्यांना वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना त्या लिप्यांची किल्ली मिळाली, आणि एकदा ती कळल्यावर त्या लिपीतल्या पोथ्या भराभर उघडल्या. मला हे शाळेत कळलं तेव्हापासून वेड लागलं. एम.एस्सी.ला असताना मीही अक्षरं बदलून एक लिपी केली आणि दोन पानं लिहून सरांना दिली. त्यांनी अर्ध्या तासात वाचून दाखवली. मराठीत वाक्य संपताना ‘आहे’ किती वेळा येतं, काना किती वेळा येतो, हे मोजलं की पुढचं आपोआप सुटत जातं, असं ते म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी केर्कहॉफ्सचं नाव सांगितलं. या डच माणसानं १८८३ मध्ये लिहून ठेवलं की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावं. या विषयाचा हा पाया आहे. म्हणून कुणी ‘आमची पद्धत गुप्त आहे, म्हणून सुरक्षित आहे’ म्हणालं की तिथंच सावध व्हायचं.

आता आजीकडं येऊ. मला तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तो वाटला.

अंगठ्यावर पैसे काढताना आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा लागतो. ओटीपी लागत नाही. मशीनवर बोट ठेवलं की ठसा त्या मशीनमध्येच कुलूपबंद होतो आणि मग पुढं जातो. वाटेत तो कुणाला वाचता येत नाही. म्हणजे तू शिकू पाहतोयस ती क्रिप्टोग्राफी तिथं चोख काम करते. पण २०२३ मध्ये वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांनी ज्या टोळ्या पकडल्या, त्यांनी कुलपाला हातही लावला नव्हता. खरेदीखतावर आपण अंगठा उठवतो ना, त्या कागदांच्या प्रतींवरून ठसे घेऊन त्यांनी सिलिकॉनचे अंगठे बनवले. खोटा अंगठाही तितक्याच इमानानं कुलूपबंद होऊन बँकेपर्यंत पोचला. गणित कुठं चुकलं नाही, पण पैसे गेले. त्याच वर्षी आधारनं बोट जिवंत माणसाचं आहे का हे तपासणारी नवी पद्धत आणली, पण पासवर्ड बदलता येतो तसं बोट बदलता येत नाही, ही अडचण राहतेच.

आजीच्या बाबतीत नेमकं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण पुढच्या आजीला काय सांगायचं ते लिहून ठेव. १९३० या क्रमांकावर लगेच फोन. बँकेत लेखी तक्रार, तीही तीन कामाच्या दिवसांच्या आत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. आणि आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे लॉक करता येतात. लागतील तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचे. त्याला मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. केंद्रावर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे करून दिलंस तर तुझा अभ्यास आजपासूनच सुरू झाला. टेबलावरच्या झेरॉक्सचंही बघ. काम झालं की परत द्यायच्या किंवा फाडून टाकायच्या. केंद्राच्या व्हॉट्सॲपवर लोकांच्या आधारचे फोटो साठले असतील, तर ते काढून टाकायला मालकाला सांग. २०२३ मध्ये आपल्याकडं वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, तो मराठीत समजून घे.

तर हे दोन वेगळे विषय आहेत. क्रिप्टोग्राफी म्हणजे कुलूप बनवणं आणि ते मजबूत आहे हे सिद्ध करणं. डेटा सिक्युरिटी म्हणजे कुलूप, दार, भिंत, खिडकी आणि किल्ली सांभाळणारा माणूस, हे सगळं मिळून. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेतून ९४ कोटी गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून, एटीएमला ‘हो, पैसे द्या’ म्हणणारी जागाच आपल्या ताब्यात घेतली होती. मी जिथं नोकरीला लागले तिथं तर सर्व्हरची किल्ली कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती आणि ड्रॉवरला कुलूप नव्हतं. ते दुरुस्त करून घ्यायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी गणिताचं एक पानही वापरलं नाही. नुसती माणसांशी भांडत होते.

तुझं मन कुठं रमतं? हे कुणाला विचारून कळणार नाही. तीन महिने हातानं करून बघ. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्रिप्टोग्राफीचे व्हिडिओ फुकट आहेत. पायथॉन शीक, आरएसए स्वतः लिही. क्रिप्टोहॅक नावाच्या साइटवर सोप्यापासून अवघडापर्यंत कोडी आहेत, तीही फुकट. शिवाय वायरशार्क हे इंटरनेटवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून स्वतःच्याच फोनचं इंटरनेट कसं ये-जा करतं ते पाहत बस. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्या क्लासच्या फीच्या दहाव्या हिश्श्यात तो मिळेल. केंद्राचं मशीन यासाठी वापरू नकोस, आणि शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा सरकारी पोर्टलवर हात आजमावू नकोस. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या क्षेत्रात नाव एकदा खराब झालं की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

तीन महिन्यांनी जर असं झालं की ‘हे का चालतं?’ हा प्रश्न तुला झोपू देत नाही, तर एम.एस्सी. गणित कर. तुझ्या पत्रावरून मला वाटतं तसंच होईल. जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. तीन तास, १०० गुण. त्यातून आयआयटीत एम.एस्सी. मिळू शकते. नाही मिळाली तर नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात कर. फी त्या क्लासच्या जवळपासही जात नाही, आणि महाडीबीटीवर तुझ्या प्रवर्गाला लागू असलेल्या शिष्यवृत्त्या बघून ठेव. हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठही डोळ्यांपुढं ठेव, तिथं सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. परभणीहून थेट गाड्या आहेत आणि आपल्या लोकांना ते शहर कधी परकं वाटलेलं नाही. कुठंही गेलास तरी बीजगणित, संख्यांचं शास्त्र (म्हणजे नंबर थिअरी, स्टॅटिस्टिक्सवालं संख्याशास्त्र नव्हे) आणि रेषीय बीजगणित अंगात मुरव.

रेषीय बीजगणितावर मी मुद्दाम जोर देते. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर तो मोठ्या संख्यांचे अवयव झटक्यात पाडेल. म्हणजे आरएसए गेलं. तेवढा मोठा संगणक अजून झालेला नाही, पण आज चोरून ठेवलेली माहिती उद्या उघडता येईल ही भीती खरी आहे. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये तीन नव्या पद्धती जाहीर केल्या. त्यातल्या दोन जाळीच्या गणितावर उभ्या आहेत. त्यामागची कल्पना तुला दहावीतल्या एकसामयिक समीकरणांवरून कळेल. दोन चलं, दोन समीकरणं, मिनिटात सुटतात. आता शेकडो चलं घे आणि प्रत्येक समीकरणाच्या उत्तरात मुद्दाम एक-दोनचा फरक करून ठेव, कुठं किती ते न सांगता. नेहमीच्या रीतीनं सोडवायला गेलं की ती लहान-लहान चूक वाढत वाढत सगळं उत्तर गिळून टाकते. त्यावर हे नवं कुलूप आहे. येत्या काही वर्षांत बँका, सरकार, फोन, सगळ्यांना जुनी कुलपं काढून ही बसवावी लागणार आहेत. ते काम गणित कळणाऱ्या माणसांशिवाय होणार नाही.

एम.एस्सी.नंतर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. तिथं क्रिप्टॉलॉजी आणि सिक्युरिटी याच विषयाचं दोन वर्षांचं एम.टेक. आहे. लेखी परीक्षा साधारण मे महिन्यात, मग मुलाखत, आणि शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर थेट जाता येत नाही, म्हणून मधली एम.एस्सी. पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाच. दुसरा रस्ता गेट या परीक्षेचा. गणिताचा पेपर देऊन काही संस्थांत एम.टेक.ला जाता येतं आणि गेट पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. पुढं डीआरडीओच्या दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत हेच काम चालतं. पण निव्वळ क्रिप्टोग्राफीच्या जागा देशात थोड्या आहेत, हे तुला माहीत असलं पाहिजे. संशोधनात जायचं तर पीएच.डी. आलीच.

आणि तीन महिन्यांनी सिद्धतांचा कंटाळा आला, पण वायरशार्कपुढून उठवेना, तर एमसीएची सीईटी दे किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा कसा, कुणाला मिळतो ते बघ. त्यात काही कमीपणा नाही. जागा तिकडं जास्त आहेत आणि आजीसारख्यांना वाचवणारी पुष्कळशी माणसं त्याच बाजूला बसतात. सुरुवातीला रात्रपाळ्या असतील.

इंग्रजीची काळजी सोड. गणिताच्या इंग्रजीत दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, रोज एक पान वाचलंस तर एका सेमिस्टरमध्ये होतात. मुलाखतीपुरतं बोलणं नंतर जमतं.

पैशांचं म्हणशील तर, नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळतं. तो एकर अण्णांच्याच नावावर राहू दे.

आता एक काम. ३२३ आणि ५ ही माझी उघडी किल्ली. या किल्लीनं मी एक संख्या बंद केली, ती झाली २८. ३२३ चे दोन मूळ अवयव पाड, कुट्टकानं झाकलेली किल्ली काढ आणि २८ उघड. इथं संख्या लहान आहे म्हणून हे जमेल, तेवढं ध्यानात ठेव. उत्तर बरोबर आलं की नाही हे मला विचारायची गरज पडणार नाही, ती संख्या तुझ्याच पत्रात आहे. कुट्टकाच्या पायऱ्या मात्र वहीच्या पानावर लिहून मला पाठव.